नाडी ८४, सगळं नॉर्मल

छातीच्या फिजिओथेरपीत निम्मं काम मोजण्याचं असतं, हे बाहेर कुणाला ठाऊक नसतं. पाठीवर थापट्या मारणारी बाई एवढीच आमची ओळख. फ्लूच्या वॉर्डात राउंडला निघाले तर सिस्टर म्हणाली, "मॅडम, ते खिडकीकडचे मॅरेथॉनवाले आहेत. एकदम फिट. त्यांना शेवटी बघा."

पंचेचाळिशीचा माणूस, इन्फ्लुएन्झा ए, तापाचा पाचवा दिवस. स्वतःच्या पायांनी चालत आलेला. चार्टवर ताप १००, नाडी ८४, ऑक्सिजन ९५, श्वास १८. न्यूज-२ चा, म्हणजे नाडी, श्वास, ताप अशा आकड्यांना गुण देऊन पेशंट किती गंभीर ते ठरवणाऱ्या तक्त्याचा, स्कोअर एक. म्हणजे काळजी नको.

श्वास १८ लिहिलेला दिसला की मला आधी शंका येते. आमच्याकडे सगळ्यांचे श्वास १८ नाहीतर २० असतात, कारण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहायला कुणाला सवड नसते. मोजायची रीत आहे. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि नजर पोटावर ठेवायची. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. मी पूर्ण मिनिट मोजलं. २८ भरले. या एका आकड्याचेच तीन गुण होतात, आणि एकाच रकान्यात तीन आले की डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं.

त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे बघत विचारलं, "एरवी नाडी किती असते?"

"सकाळी ४६-४७."

आता न्यूज-२ चा तक्ता बघा. नाडी ५१ ते ९० असेल तर शून्य, ४१ ते ५० असेल तर एक गुण. म्हणजे हे गृहस्थ ठणठणीत असताना त्यांना एक गुण मिळाला असता आणि आजारात शून्य! तापामुळे नाडी वाढते हे खरं, पण सेल्सिअसच्या एका अंशाला आठ-दहा ठोक्यांनी. अंगात त्या मापाने जेमतेम एक अंश ताप आणि नाडी जवळपास दुप्पट, हे ताप एकट्याने करत नाही.

मग एक मिनिट उठबस करायला लावली. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं, बोटाला ऑक्सिमीटर. तीन-चार टक्क्यांची घसरण झाली तरी आम्ही दखल घेतो. यांचा ९५ वरून ८७ वर आला. आणि ते म्हणत होते, "अजून करू का?"

वॉर्डातला रेसिडेंट डॉक्टर हुशार आहे, पण त्याचा पेशंटपेक्षा स्कोअरवर विश्वास जास्त. "स्कोअर तर एक आहे," म्हणाला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं खालून पांढरी दिसली तेव्हा धावपळ सुरू झाली. हाय फ्लो ऑक्सिजन, पालथं झोपवणं. व्हेंटिलेटरपर्यंत वेळ आली नाही.

बायकोने मला गाठून विचारलं, "मॅडम, एवढं पळून काय उपयोग झाला?" कैसर पर्मनेंटे या अमेरिकेतल्या आरोग्यसंस्थेचा २०२१ चा अभ्यास माझ्या डोक्यात होता. ४८,४४० कोविड रुग्ण. आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अजिबात न हलणाऱ्यांना दाखल व्हावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त. तिला सांगितलंही. पण तो कोविडचा अभ्यास, त्यातला व्यायाम रुग्णांनी स्वतः सांगितलेला, आणि सरासरीत तिचा नवरा कुठे बसतो हे कोण सांगणार?

बोलता बोलता तिने सांगितलं की दुसऱ्या दिवशी, अंगात ताप असताना, हे आठ किलोमीटर पळून आले होते. घाम आला की ताप उतरतो म्हणे! विषाणू हृदयाच्या स्नायूलाही धरू शकतो, तापात पळू नये, हे किती वेळा सांगायचं? व्यायाम न करणाऱ्यांना समजावणं एक वेळ सोपं, करणाऱ्यांपुढे हात टेकावे लागतात.

मला मात्र अजून सुटत नाही ते वेगळंच. त्याची जागा स्थूल, बैठ्या माणसाने घेतली असती तर तो तिसऱ्याच दिवशी जिन्यात धापा टाकत थांबला असता आणि घरच्यांनी उचलून आणला असता. याच्याकडे ताकदीची शिल्लक एवढी की फुप्फुसं भरत असताना हा घरभर फिरत होता. आणि त्याच शिल्लकेवर तो पालथं झोपून तासन्‌तास जोराचे श्वास घेत तरला, हेही मी पाहिलंय.

दाखल करतानाच्या फॉर्मवर 'एरवीची नाडी' असा रकाना हवा, असं मी लिहून दिलं. ते कमिटीपुढे जाईल, असं उत्तर आलं. तोवर मी समासात पेनाने लिहिते. परवा त्याच रेसिडेंटने एका पोहणाऱ्या मुलीच्या फाइलवरचा आकडा बघून विचारलं, "हा ५२ कुठून आला?"