इंदूर ते दुबई: कोणते किलोमीटर, कोणते तास?

राजवाड्यावर कुणालाही विचारा, दुबई किती लांब? किलोमीटर कुणी सांगणार नाही. "तीन-सव्वातीन तास," एवढंच. भोपाळसुद्धा इथे तासांतच मोजतात. २०१९ च्या जुलैत दुबईचं थेट विमान सुरू झालं आणि तीच सवय समुद्रापलीकडे गेली.

बिजासन टेकडीजवळच्या आपल्या विमानतळापासून दुबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे २,०९० किलोमीटरवर आहे. 'सरळ' म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सर्वांत आखूड वाट. वैमानिकाच्या हिशेबात हे साधारण १,१३० नॉटिकल मैल होतात (एक मैल १,८५२ मीटरचा). विमान मात्र या रेषेला चिकटून उडत नाही. धावपट्टी वाऱ्याच्या दिशेनुसार ठरते, मग वळसा, ठरलेले हवाई मार्ग, उतरताना रांग. एखाद्या देशाने आकाश बंद केलं तर आणखी फेरा. म्हणून हा सरळ रेषेचा आकडा किमान समजावा.

वेळेचं गणित जास्त मजेचं आहे. ४५० नॉट (म्हणजे तासाला ४५० नॉटिकल मैल) वेगाने १,१३० मैल म्हणजे अडीच तास. पण हा वेग हवेतला, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. समोरून ५० नॉट वारा आला तर दोन तास पन्नास मिनिटं, परतताना तोच पाठीशी असेल तर सव्वादोन. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, गर्दीच्या उलट चालून पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली, तेव्हा वाट हजाराहून जास्त किलोमीटरनी लांबली आणि प्रवास सुमारे दोन तासांनी कमी झाला!

तिकिटावरचा वेळ तिसराच. तो विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा, म्हणून जमिनीवरची वीसेक मिनिटं त्यात धरायची. शिवाय दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या. रात्री ११ ला निघून १२:४५ ला पोचणार असं छापलेलं असेल तर पावणेदोन तास समजू नका. दुबईचं घड्याळ दीड तास मागे, तो मिळवा: सव्वातीन. परतीला वजा करा. पहाटे २ ला सुटून ६:१५ ला इंदूर म्हणजे पावणेतीन तास. न्यायला येणाऱ्यांना कळवायची वेळ मात्र इंदूरचीच, तिच्यात काही मिळवू नका; घोटाळा नेमका इथे होतो.

खरं तर सूर्याच्या मानाने दोन्ही गावांत दीड तास नाहीच. रेखांशांतला फरक साधारण २०.४ अंश, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे एक तास बावीस मिनिटं. उरलेली आठ सरकारी घड्याळांची. भारतीय ज्योतिषात रेखांश उज्जैनपासून मोजत, आणि इंदूर जवळपास त्याच रेषेवर. तेव्हा हा हिशेब माळव्यात बसून करणं शोभतंही.

शारजाचं तिकीट घेणाऱ्यांसाठी: तो विमानतळ आपल्याला पंधराएक किलोमीटर जवळचा, आकाशात मिनिटभराची बचत. मुक्काम दुबईत असेल आणि उतरणं संध्याकाळचं असेल, तर शारजा-दुबई रस्त्यावरच्या गर्दीसाठी वेगळा तास हाताशी ठेवा.