सोडायचं कुठे?

"ताई, खवल्या गावलाय. पोरांनी टोपलीखाली झाकून ठेवलाय. आधी तुमालाच फोन लावला."

रात्री हा फोन आला आणि मी हातातलं काम टाकून उठले. चिपळूण तालुक्यातल्या त्या वाडीत आम्ही स्वयंसेवक खवल्यासाठी, म्हणजे खवले मांजरासाठी, वर्षभर जात होतो. शाळेत चित्रं दाखवायची, देवळात सभा घ्यायची. खवले मांजर विकलं की लाखो रुपये मिळतात ही अफवा कोकणात घरोघरी पोचली आहे, आणि दलालही असतातच. त्यामुळे पहिला फोन आमच्याकडे येणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट होती.

वनविभागाला कळवलं आणि निघालो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतला हा प्राणी. तो पकडला-विकला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, आणि वनविभागाला सोडून त्याला हलवायचा अधिकार कुणालाच नाही, आम्हालाही नाही.

वनरक्षकांनी टोपली उचलली. आत घट्ट वेटोळं. खवल्यांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, फटींत तांबडी माती. जवळ गेलं की आतून फुसकारा ऐकू यायचा. बिबट्यालाही हे वेटोळं सहजी उलगडत नाही, पण माणूस ते उचलून सरळ पोत्यात टाकतो. एवढ्या वर्षांत हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते. ज्या खवल्यांपायी ही शिकार होते ते आपल्या नखांसारखेच, केराटिनचे. त्यांत औषध नाही.

प्राणी धडधाकट होता, जखम नव्हती. जिथे सापडला तिथेच रातोरात सोडायचं ठरलं. तेव्हा इतका वेळ ओट्यावर गप्प बसलेले जागेचे मालक म्हणाले, "सोडा की. पन कुठं? वरचं रान तोडीला दिलंय. परवा कुऱ्हाड लागल."

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. बाकी बहुतेक रान खाजगी, सातबाऱ्यावरचं. ठरावीक वर्षांनी मालक ते ठेकेदाराला देतो. घराचं छप्पर, मुलीचं लग्न, दवाखाना, कारणं खरीच असतात, आणि त्यांना नावं ठेवायचा हक्क आम्हाला नाही. पण तोड झाली की ऊन थेट जमिनीवर येतं, गवत माजतं आणि उन्हाळ्यात वणवा लागतो. मुंग्या-वाळवीवर जगणाऱ्या, मुळांखालच्या भुसभुशीत मातीत बीळ करणाऱ्या प्राण्याने मग जायचं कुठे?

बॅटऱ्या घेऊन आम्ही त्यांच्याबरोबर वर गेलो. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, वरच्या उतारावर किंजळीच्या बुंध्याशी बीळ होतं, तोंडाशी ताजी माती. जरा पुढे वारूळ फोडलेलं, त्यावर लांब नख्यांचे ओरखडे. मालक बराच वेळ तिथे उकिडवे बसले. "हितं लहानपनापास्नं येतोय," म्हणाले, "पन ह्ये कधी बगितलं न्हवतं." वनरक्षकांनी वेटोळं बिळाजवळ ठेवलं आणि सगळे लांब जाऊन थांबलो. खूप वेळाने आधी नाक बाहेर आलं, मग ते पुढच्या नख्या आत मुडपून, शेपूट तोलत चालू लागलं.

सकाळी ठेकेदार आला. विसार घेतलेला होता, तो परत करणं मालकांना शक्य नव्हतं. तासभर बोलणं झालं. शेवटी पऱ्यालगतचा उतार वगळायचा ठरला, त्या झाडांचे पैसे हिशेबातून कापून. वरचं रान मात्र तोडलं गेलं. ती बोडकी जागा बघायला मी गेले तेव्हा फार वाईट वाटलं.

उरलेल्या पट्ट्याभोवतीचं गवत आता वाडीतली मुलं जानेवारीतच कापून वणवा अडवायला जाळरेषा काढतात, आणि बिळासमोर कॅमेरा ट्रॅप लावलाय. पण कापलेले ते पैसे एकट्या मालकांनी सोसले, हे मला पटत नाही. उभ्या झाडांचा मोबदला मालकाला कुठून देता येईल, यावर सध्या आमची खटपट चालू आहे. शेजारच्या दोन मालकांनी तोड एक वर्ष पुढे ढकलली आहे; त्यांना असा मोबदला मिळवून द्यायला आमच्याकडे वर्षभराचाच अवधी आहे.