रायलींच्या जागी लॉरा स्मिथ

शनिवार, २००९, एडिसन (न्यू जर्सी), रात्री उशिरा

आज क्लबमध्ये दुसरा विषयच निघाला नाही. एफसीसीने, म्हणजे रेडिओ बघणाऱ्या इथल्या सरकारी खात्याने, हॅम रेडिओच्या (लायसन्स घेऊन छंद म्हणून चालवतात त्या रेडिओच्या) एन्फोर्समेंटचं, म्हणजे नियम मोडणाऱ्यांना आवरायचं काम लॉरा स्मिथकडे दिलंय, म्हणजे रायली हॉलिंग्सवर्थ रिटायर झाले आणि त्यांची जी जागा होती ती आता तिच्याकडे. बातमी चार ओळींची, पण त्यावर लोक इतके बोलले इतके बोलले की टॉवरच्या खर्चाचं ठरवायचं होतं ते पुढच्या मीटिंगवर गेलं, आणि घरी येऊन जेवण झालं तरी माझ्या डोक्यातून ते जाईना, म्हणून लिहायला बसले.

सगळ्यात आधी विचारलं गेलं ते हेच की ती हॅम आहे का, कॉलसाइन, म्हणजे हॅमची हवेवरची अधिकृत ओळख, आहे का तिच्याकडे. रायलींकडे होता, के४झेडडीएच, स्वतः बँडवर, म्हणजे हॅमना दिलेल्या फ्रिक्वेन्सींवर, बसणारा माणूस, त्यामुळे लोकांना ते आपले वाटायचे. मग एक जण म्हणाला आता सगळ्यांना दंड लागणार बघा, दुसरा म्हणाला काही होणार नाही, सरकारी काम आहे, वर्षभरात सगळं थंड. आणि एका गृहस्थांनी अगदी सहज, कॉफी ओतता ओतता म्हटलं, की बाई आहे, बँडवर दंगा करणाऱ्या टग्यांपुढे तिचा टिकाव लागेल का. मी समोरच बसले होते. आमचं दर मंगळवारी नेट असतं, म्हणजे ठरल्या वेळी सगळे रेडिओवर एकत्र येतात ती बैठक. मी म्हटलं, मंगळवारचं नेट मीच चालवते ना, ऐकता ना तुम्ही? ते म्हणाले हो हो, तुझं वेगळं. काय वेगळं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

मला खरंच राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. ती हॅम आहे की नाही याच्याशी मला काहीही घेणंदेणं नाही. हे काम वकिलाचं आहे, कागदाचं आहे. कोणत्या नियमाखाली काय पुरावा लागतो, पत्रात कोणता शब्द घातला की ते पुढे कोर्टात टिकतं, हे जिला कळतं ती मला हवी आहे. अँटेनाची मापं आम्हाला येतात की!

इथे १९९८ च्या आधी काय अवस्था होती ते जुन्या लोकांकडून मी पुष्कळ ऐकलंय. मी तेव्हा इथे आलेही नव्हते. नव्वदच्या दशकात एफसीसीने हॅम बँडकडे जवळजवळ पाठच फिरवली होती, पैसे नाहीत, माणसं नाहीत, तुमचं तुम्ही बघा. मग व्हायचं ते झालं. १४.३१३ मेगाहर्ट्झ नुसतं म्हटलं तरी जुने हॅम अजून तोंड वाकडं करतात, शिव्या, गाणी, दुसऱ्याच्या बोलण्यावर मुद्दाम कॅरियर, म्हणजे नुसता रिकामा सिग्नल, टाकून बसणं, आणि हे सगळं पन्नास देशांत ऐकू जाणार. लहान मुलाला शेजारी बसवून रिसीव्हर लावायची सोय राहिली नव्हती म्हणतात. एआरआरएल, ही इथल्या हॅमची राष्ट्रीय संघटना, मागे लागली, आणि १९९८ मध्ये रायलींकडे हे काम आलं.

त्या माणसाने काय केलं तर पत्रं लिहिली. पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गला एफसीसीचं ऑफिस आहे, तिथून. म्हणजे त्या शब्दांत नाही पण मतलब असा, की अमुक तारखेला, यूटीसी (जागतिक वेळ) इतके वाजून इतक्या मिनिटांनी, या फ्रिक्वेन्सीवर तुम्ही कॉलसाइन न देता दुसऱ्याच्या बोलण्यात मुद्दाम अडथळा आणलात असं दिसतं, पार्ट ९७ च्या, म्हणजे हॅमच्या नियमांच्या, या या कलमात हे बसत नाही, इतक्या दिवसांत तुमचं म्हणणं कळवा. बस. हे पाकीट माणसाच्या घरी पडतं, बायकोसमोर उघडलं जातं, आणि पत्रं पब्लिक असल्यामुळे देशभरातले हॅम ती वाचतात. जो माणूस अंधारात बसून आपल्याला कोण ओळखतंय म्हणून मस्ती करत होता त्याला एकदम कळतं की कुणीतरी ऐकतंय, आणि नावासकट ऐकतंय. बहुतेक जण तिथेच गप्प झाले. आम्ही दंडाच्या रकमेवर इतकं बोलतो पण खरं काम त्या पहिल्या पत्राने केलंय, हे मला आज ओरडून सांगायचं होतं.

लायसन्सच्या परीक्षेत काही गडबड वाटली तर ते लोकांना परत परीक्षेला बोलवायचे. रिपीटर म्हणजे आलेला सिग्नल जोरात पुढे पाठवणारं स्टेशन, त्याच्या मालकाने एखाद्याला सांगितलं की माझ्या रिपीटरवर येऊ नकोस, तर तो येऊ शकत नाही, हेही त्यांनी पत्रांनीच लोकांच्या गळी उतरवलं. आणि पत्रं काही फक्त हॅमना नाही, खांबावरच्या तारांचा खरखराट थांबवत नाहीत म्हणून वीज कंपन्यांनाही गेली. हे माझ्या फार आवडीचं, कारण विजेच्या तारांच्या आवाजाने माझा ८० मीटर बँड कित्येक संध्याकाळी बुडालेला असतो.

जे पत्राने ऐकले नाहीत त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या आहेतच, नोटीस, दंड, लायसन्सचं नूतनीकरण अडवणं. मेन राज्यातल्या एकाला २१,००० डॉलरचा दंड झाला. लॉस एंजेलिसचा एक माणूस, रिपीटरवर येऊन लोकांना छळायचा, इतर सेवांमध्येही घुसायचा, त्याला २००६ मध्ये ७ वर्षांची कैद झाली. हे ऐकून क्लबमधल्या एका नवीन मुलाने डोळे मोठे केले, रेडिओसाठी तुरुंग?! हो बाबा. ९७.१०१ या कलमात स्वच्छ लिहिलंय की कुठल्याही रेडिओ संवादात मुद्दाम किंवा द्वेषाने अडथळा आणायचा नाही.

आता माझ्या नेटचं. दोन मीटरच्या बँडवर आमच्या रिपीटरला मंगळवारी नेट असतं आणि मी नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारी, असले की एक जण येतो. कॉलसाइन देत नाही. मी चेक-इन, म्हणजे हजेरी, घ्यायला लागले की माइक दाबून नुसता बसतो, कधी माझंच आधीचं बोलणं रेकॉर्ड करून परत लावतो, कधी माझ्या उच्चारांची नक्कल. दुसरा कुणी नेट कंट्रोल असला की हा गायब. कोण आहे माहीत नाही, आणि नुसता अंदाज करून कुणाचं नाव घेणं मला पटत नाही. शांत राहायचं, त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याच्याबद्दल नेटवर एक अक्षर बोलायचं नाही, हे सगळं मला माहीत आहे आणि मी ते करते, कारण या लोकांना उत्तरच हवं असतं. पण नेट संपल्यावर माझे हात गार पडलेले असतात. एक नवीन मुलगी, नुकतीच टेक्निशियनची, म्हणजे पहिल्या पायरीच्या लायसन्सची, परीक्षा पास झालेली, ३५ पैकी ३५, इतकी खूश होती, ती दुसऱ्या नेटनंतर परत आली नाही. बाई टिकेल का म्हणून विचारणाऱ्यांनी आधी हे बघावं की बायका बँडवरून का जातात.

एचएफवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर, तर अजून कठीण आहे सध्या. सूर्यावर डागच नाहीत, आणि डाग नसले की लांबचे सिग्नल नीट पोचत नाहीत, गेलं वर्ष-दीड वर्ष सगळं शांत, त्यामुळे पुण्याला काकांशी २० मीटरवर ठरवून भेटायचं म्हटलं तर आमची सकाळ आणि त्यांची संध्याकाळ अशी जी थोडी वेळ बँड उघडतो तेवढाच. त्यांचा सिग्नल नॉइजच्या जेमतेम वर. त्यात कुणी शेजारीच येऊन ट्यून करत बसला किंवा मुद्दाम कॅरियर टाकला की काका गेले, वाक्य अर्धंच राहतं, आणि परत हाक मारेपर्यंत बँड बंद. तिथे मात्र एफसीसीचा हात अमेरिकेतल्या स्टेशनपुरताच पोचतो, बाहेरच्या देशातून कुणी करत असेल तर लॉरा स्मिथ तरी काय करणार.

काकांना मी ही बातमी फोनवर सांगितली. ते म्हणाले, अगं, तुम्हाला निदान नाव तरी माहीत आहे! आमच्याकडे लायसन्स दिल्लीहून येतं, १९७८ चे नियम आहेत, सरकारची मॉनिटरिंग स्टेशनंही आहेत, पण बँडवर कुणी त्रास देत असेल तर ज्याच्या नावाने पत्र लिहावं आणि ज्याच्या नावाने उलट पत्र यावं असा माणूस मला तरी दिसलेला नाही. भुजच्या भूकंपाच्या वेळी २००१ मध्ये ते कित्येक तास हेडफोन लावून बसले होते, त्सुनामीच्या वेळी अंदमानचं ट्रॅफिकही, म्हणजे तिथले निरोप, त्यांनी ऐकलंय, त्यामुळे फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. इथे वादळ आलं की १४.३२५ मेगाहर्ट्झवर हरिकेन वॉच नेट चालतं, त्यावर कुणी असा आगाऊपणा केला तर माणसाच्या जिवाशी खेळ आहे तो.

काही होणार नाही म्हणणाऱ्यांचं म्हणणं मी अगदीच उडवून लावत नाही. या देशात साडेसहा लाखांहून जास्त हॅम आहेत आणि त्यांच्या तक्रारींसाठी ज्याचं नाव घेता येतं असा अधिकारी एकच. फील्ड ऑफिसची माणसं गाडीत डायरेक्शन फाइंडर घालून फिरतात पण त्यांच्या मागे पोलिसांचे, विमानांचे, मोबाइलचे सगळे व्याप आहेत, आमच्या दोन मीटरवरचा एक टगा त्यांच्या यादीत किती खाली असेल. म्हणून तर पुरावा आपण द्यायचा असतो. १९८२ च्या कायद्याने एफसीसीला हॅम स्वयंसेवकांची मदत घेता येते, एआरआरएलचे ऑफिशियल ऑब्झर्व्हर त्याआधीपासूनचेच, पण त्या कायद्याने त्यांच्या कामाला आधार मिळाला. हे लोक ऐकत बसतात, तुमचा सिग्नल फाटतोय, तुम्ही बँडच्या बाहेर गेलात, असं साधं कार्ड पाठवतात, आणि चांगलं ऑपरेटिंग दिसलं तर चांगल्याचंही कार्ड पाठवतात, मला एकदा आलं होतं, ते माझ्या रिगच्या, म्हणजे रेडिओच्या, वर लावलंय. पण आज मीटिंगमध्ये तावातावाने बोलणाऱ्यांना मी विचारलं की आपल्या नेटवर जो येतो त्याची तारीख-वेळ कुणी लिहून ठेवली आहे का, तर एकही हात वर नाही. रेकॉर्डिंग? नाही. मग ती बिचारी लॉरा काय स्वप्नात बघून पत्र लिहिणार? आल्या आल्या तिच्या नावाने बोटं मोडायची आणि तिला द्यायला यांच्याकडे अर्धा कागद नाही.

न्यूइंग्टनला एआरआरएलच्या हेडक्वार्टर्सला मी गेले होते तेव्हा वूफ हाँग बघितलं. लाकडाचे दोन वेडेवाकडे तुकडे तारेने बांधलेले, पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचं आहे. एआरआरएलचे संस्थापक हायरम पर्सी मॅक्सिम ‘द ओल्ड मॅन’ या नावाने क्यूएसटी या एआरआरएलच्या मासिकात लिहायचे, त्यांच्या लिखाणातून ते आलं, बँडवर घाण करणाऱ्याला शिक्षा द्यायचं हत्यार म्हणून. कसं वापरायचं ते कुणालाच माहीत नाही. मला ते काचेपलीकडे बघताना फार बरं वाटलं होतं, की नव्वद वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना हाच त्रास होता आणि त्यांनाही शिस्त हवीच होती, एफसीसीचा तर तेव्हा जन्मही नव्हता, ती १९३४ ची. आपली शिस्त आपण लावायची ही गोष्ट या छंदात पहिल्यापासून आहे. पण जो लाजच सोडून बसलाय त्याला आपलं ऐकायची गरज वाटत नाही, तिथे आपल्या पाठीशी कायदा लागतो, आणि त्या कायद्याला सही करणारा हात लागतो. रायली होते तेव्हा नुसतं त्यांचं नाव घेतलं की लोक जरा जपून बोलायचे. लॉरा स्मिथचं नाव तसं व्हायला वेळ लागेल. तो वेळ तिला द्यायला हवा, इतकंच माझं म्हणणं आहे, आणि हे मी मीटिंगमध्ये म्हटलंही, जरा मोठ्या आवाजात, शेवटी शेवटी माझा आवाज कापत होता. दोघा-तिघांनी नंतर पार्किंगमध्ये येऊन बरोबर बोललीस म्हणून सांगितलं. आत बोलले असते तर जास्त आवडलं असतं.

आता माझ्या एकटीकडे जे आहे ते असं, मार्चपासूनचा नेटचा लॉग, त्यात त्याच्या येण्याच्या वेळा मी बाजूला पेन्सिलने लिहिल्यात पण आमच्या घड्याळाने, त्या सगळ्या यूटीसीत करायच्या. रेकॉर्डिंग फक्त शेवटच्या काही नेट्सचं आहे, ते तारखेप्रमाणे लावायचं. त्यात माझं मत घालायचं नाही, संशय घालायचा नाही, ऐकलं तेवढंच. लॉरा स्मिथला थेट गठ्ठा पाठवायचा नाही, आधी आमच्या सेक्शनच्या ऑब्झर्व्हरकडे. आणि नुसत्या वेळांनी भागणार नाही, तो रिपीटरच्या इनपुटवर कुठून येतो ते शोधायला हवं, म्हणून मंगळवारी तिघांना हातातले यागी, म्हणजे सिग्नलची दिशा दाखवणारे अँटेना, घेऊन तीन गावांत उभं करणार आहे, फॉक्स हंटला, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळात, करतो तसंच, एक एडिसनला, एक मेटचनला आणि तो डोळे मोठे करणारा नवीन मुलगा पिस्कॅटवेला, त्याच्याकडे यागी नाही, माझा देईन. त्या टेक्निशियन मुलीलाही आजच ईमेल केला, नेटवर यायचं नसेल तर नको येऊस, पण नकाशावर रेघा मारायला माझ्या घरी ये, साडेसातपर्यंत.