काउबॉयची गाणी खरी कोणाची?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरी आलेल्यांना मी काउबॉयची जुनी गाणी ऐकवली, की हा प्रश्न हमखास येतो: ‘ही गाणी खरंच तिथल्या गुराख्यांची, की हॉलिवूडने रचलेली?’ पांढरी हॅट, झालरीचा शर्ट आणि घोड्यावर बसून वाजवलेली गिटार डोळ्यांसमोर असते, म्हणून तो पडतो.

गिटार सिनेमाची, हे आधी मान्य करतो. टेक्ससमधून कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनापर्यंत गुरं हाकत न्यायचा धंदा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर, म्हणजे 1866 पासून जोरात आला आणि वीसेक वर्षांत आटोपला. दोन-अडीच हजार गुरांचा कळप, सोबत दहा-बारा माणसं, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटरची चाल, असे दोन-तीन महिने. त्या खोगिरावर गिटार कुठे बांधणार? गाणं मात्र होतं, कारण गाणं हा कामाचाच भाग होता.

रात्री कळप बसला की दोन स्वार राखणीला निघत. एक या बाजूने, दुसरा उलट बाजूने, कळपाभोवती संथ फेऱ्या घालायच्या. टेक्ससची ती लांब शिंगांची गुरं अर्धी रानटीच. वीज कडाडली, काडी ओढली, घोडा अडखळला, एवढ्यानेही सगळा कळप उठून अंधारात उधळायचा आणि वाटेत आलेला माणूस तुडवला जायचा. म्हणून स्वार सतत गात राहायचा. माणूस कुठे आहे हे गुरांना कळायचं, अचानक कुठला आवाज आला तरी ती दचकायची नाहीत. लहानपणी चर्चमध्ये पाठ झालेली स्तोत्रं, आईच्या अंगाईच्या चाली, शब्द संपले की नुसते हुंकार. या गाण्यांची लय एवढी सावकाश का, याचं उत्तर मला इथे सापडतं. ती घोड्याच्या चालण्याची लय आहे. धावत्या घोड्याची टापटाप नंतर, पडद्यावर आली.

आता शब्दांचं बघू. 1839 मध्ये एडविन चॅपिन या धर्मोपदेशकाची एक कविता छापून आली. मरणारा खलाशी विनवतोय, मला खोल समुद्रात पुरू नका. ती कविता पश्चिमेकडे गेली, समुद्राच्या जागी माळरान आलं, आणि खलाशाचा काउबॉय झाला. ‘स्ट्रीट्स ऑफ लरेडो’ तर त्याहून जुनं. त्याची मुळं ब्रिटन-आयर्लंडमधल्या एका गाण्यात आहेत, तिथे गुप्तरोगाने मरणारा तरुण सैनिक आपली अंत्ययात्रा कशी काढा ते सांगतो. टेक्ससमध्ये तो गोळी लागलेला काउबॉय झाला. पण ढोल हळू वाजवा, बासरी हलकी फुंका, ही मागणी तशीच राहून गेली. माळरानावरच्या गुराख्याला लष्करी इतमाम कोण देणार? ती ओळ बदलायचं कुणाला सुचलं नाही, की कुणाला ती हवीच होती? मला वाटतं, हवीच होती. महिनाभराच्या पगारावर राबणाऱ्या पोराला निदान गाण्यात तरी मानाने निरोप मिळाला.

गाणारे गळे कुणाचे होते हेही सांगायलाच हवं. इतिहासकारांच्या अंदाजाने दर चार काउबॉयमागे एक कृष्णवर्णीय होता. मूळ विद्या मेक्सिकन वाकेरोंची, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांची. दोर, खोगीर, कित्येक शब्दसुद्धा त्यांच्याकडून आलेले. ‘गुडबाय ओल्ड पेंट’ हे गाणं लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन लोमॅक्स यांनी 1942 मध्ये जेस मॉरिस या गोऱ्या फिडलवादकाकडून ध्वनिमुद्रित केलं. मॉरिसने ते लहानपणी ऐकलं होतं चार्ली विलिसकडून. विलिस गुलामगिरीत जन्मलेला, पुढे वायोमिंगपर्यंत गुरं हाकत गेलेला काउबॉय. मॉरिसने त्याचं नाव सांगितलं म्हणून ते राहिलं. किती जणांची नावं कुणीच सांगितली नसतील, हा विचार मला हे गाणं ऐकताना दरवेळी छळतो.

‘होम ऑन द रेंज’ तुम्हाला ठाऊक असेलच. ते लिहिलं डॉक्टर ब्रूस्टर हिग्ली यांनी, 1872 च्या सुमारास, कॅन्ससमधल्या एका ओढ्याकाठच्या झोपडीत. डॉक्टर काउबॉय नव्हते. सरकारी जमीन मिळते म्हणून आलेले शेतकरी होते. डॅनियल केली यांनी चाल लावली आणि गाणं तोंडातोंडी गुरांच्या वाटांवर गेलं. लोमॅक्सना ते मिळालं सॅन अँटोनियोतल्या एका कृष्णवर्णीय दारूगुत्तेवाल्याकडून, जो पूर्वी कळपांबरोबर आचारी म्हणून फिरलेला. 1930 च्या दशकात रेडिओने ते घरोघरी नेलं, तेव्हा अ‍ॅरिझोनाच्या एका जोडप्याने हे आमचंच म्हणून पाच लाख डॉलरचा दावा ठोकला. मग समोरच्या बाजूचा वकील गावोगाव फिरला, म्हाताऱ्या काउबॉयना भेटला. त्यांच्यापैकी कित्येक जण ते गाणं जोडप्याने छापण्याच्या कितीतरी आधीपासून गात होते. दावा बारगळला. 1947 पासून ते कॅन्ससचं राज्यगीत आहे.

तेव्हा सिनेमावाल्यांनाच खोटं का म्हणायचं? ‘सन्स ऑफ द पायोनियर्स’ या सिनेमांत गाणाऱ्या चमूचा बॉब नोलन कॅनडात जन्मलेला. पोरवयात अ‍ॅरिझोनाला आला आणि वाळवंट बघून भारावला. पुढे लॉस एंजेलिसला गोल्फच्या मैदानावर किरकोळ नोकरी करताना त्याने ‘टंबलिंग टंबलवीड्स’ लिहिलं. तिघांच्या गळ्यातून ते ऐकताना मोकळं रान दिसतंच. त्याने गुरं हाकली नसतील; रान पाहिलं होतं.

योडलिंगही, म्हणजे गाताना आवाज झटकन वर-खाली उडवणंही, असंच. जिमी रॉजर्स हा मिसिसिपीचा रेल्वे कामगार. त्याच्या 1927 नंतरच्या रेकॉर्डींमुळे काउबॉय गायक योडल करू लागले. आपल्या किशोरकुमारवरही त्याच रेकॉर्डींचा प्रभाव सांगतात.

मला या गाण्यांत काय मिळतं? ती कामाची भाषा बोलतात. घोडा थकलाय, पाऊस येणार, घर लांब आहे. मोठं तत्त्वज्ञान नाही, आणि एकटेपणाचं रडगाणंही नाही. 1874 मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं आणि मोकळ्या रानाला कुंपणं पडली, रेल्वे टेक्ससमध्ये खोलवर गेली, 1886-87 च्या हिवाळ्यात गुरं लाखोंनी मेली. तो धंदा संपला, पण गुरं राखणारे संपले नाहीत. 1985 पासून नेवाडातल्या एल्को गावात ते जानेवारीच्या शेवटी जमतात, कारण तेव्हा रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांवर, काम कमी असतं. कर्ज, दुष्काळ, वासरं, विकली गेलेली जमीन यांवर नव्या कविता म्हणतात, गाणी गातात. कॅनडाचे गायक इयन टायसनही तिथे गायचे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात स्वतःचं रँच चालवायचे आणि त्यावरच लिहायचे. 2006 नंतर त्यांचा गळा बिघडला, आवाज पार खरखरीत झाला. त्यांनी चाली त्या आवाजाला झेपतील अशा करून घेतल्या आणि 2008 मध्ये नवा अल्बम काढला. सुरुवात कुठून करू विचाराल, तर मी तोच लावून देईन.