देखाव्याच्या बोर्डांवर जहाजांची नावं लिहिताना

आमच्या मंडळाचा देखावा या वेळी नौदलावर होता, महाराजांच्या आरमारापासून थेट आजच्या युद्धनौकांपर्यंत, आणि मॉडेलपुढच्या बोर्डांचा मराठी मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आलं.

मुलांनी माहिती हिंदी-इंग्रजीतून गोळा केलेली, त्यामुळे आधी नावं बघितली. 'विसाखापटनम' चं विशाखापट्टणम केलं, नौसेनेचं नौदल केलं, यात वादच नव्हता. मोरमुगाओवर मात्र रात्री उशिरापर्यंत चर्चा. १८ डिसेंबर २०२२ ला मुंबईत नौदलात दाखल झालेली ही विनाशिका, नाव गोव्याच्या बंदराचं आणि त्याला आपण मुरगाव म्हणतो. शेवटी जहाजाचं नाव मोरमुगाओच ठेवलं आणि खाली 'गोव्यातील मुरगाव बंदरावरून नाव' अशी ओळ घातली, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही कळतं.

मग व्याकरण. विक्रांत 'आला' की 'आली'? नाव पुरुषी वाटतं पण ती युद्धनौका आहे, मग आलीच. सगळ्यात मजा सुरतची. शहराला आपण 'सुरतेची लूट' म्हणतो, पण युद्धनौकेचं 'सुरतेवर' केलं की लोक शहरच समजणार ना! म्हणून ठरवलं की जहाजाच्या नावाला हात लावायचा नाही, 'सुरत या युद्धनौकेवर' असं लिहायचं, विभक्ती काय लागायची ती नौकेला लागू दे. वाक्यं थोडी लांबली, पण चालतंय.

आरमाराचा बोर्ड मला सगळ्यात आवडला कारण तिथे शब्द आपले आहेत. गुराब आली, गलबत आलं, मचवा आला, तिन्ही लिंगं एकाच ताफ्यात! मुलांनी सगळ्यांना सरसकट 'आली' लावलेलं. तारूचं अनेकवचन तारवे, 'तारू'च नाही. आणि शीड दीर्घ पण शिडाचं ऱ्हस्व, हे तर मी प्रत्येकाला बसवून समजावलं, कारण शिडाच्या जहाजांचाच बोर्ड आहे आणि त्यावरच 'शीडाचे' लिहून कसं चालेल?

छपाईवाल्याकडे फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, विशाखापट्टणममधला 'ट्ट' तर हमखास. म्हणून प्रूफचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला, झूम करून एकेक नाव मोठ्याने वाचलं आणि मगच फ्लेक्सला ओके दिलं.