एका ड्रोनला दोन कॅमेरे कशाला?

घरी सुटे पार्ट जोडून केलेला एफपीव्ही ड्रोन, म्हणजे गॉगलमध्ये बघत उडवायचा, टेबलावर ठेवला की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती लांब जातो. दुसरा त्याच्यापेक्षा हुशार असतो, की पुढं हा एवढुसा कॅमेरा आहेच मग वर परत गोप्रो कशाला बांधलाय. पहिल्याचं उत्तर मी देत नाही कारण लांब न्यायचा तो प्रकारच नाही हा, पण दुसऱ्यात या सगळ्या नादाची मेख आहे असं माझं मत आहे.

पुढचा बारका कॅमेरा माझ्यासाठी, ड्रोन उडवताना बघायला, वरचा तुमच्यासाठी, नंतर व्हिडिओ बघायला. इतकं सोपं आहे ते.

पुढच्याची रुंदी १९ मिलिमीटर, चित्र म्हणाल तर जुन्या डब्बा टीव्हीसारखं, आणि खरं तर तेच आहे ते, जुन्या टीव्हीचं पाल (PAL) सिग्नलचं ॲनालॉग व्हिडिओ, ५.८ गिगाहर्ट्झवर डोळ्यावरच्या गॉगलमध्ये येतं. सिग्नल कमी झाला की मुंग्या येतात, गच्चीवरचा अँटेना कावळ्यानं फिरवला की यायच्या त्याच. लोक हसतात, २०२० नंतरच्या जमान्यात हे काय बघतोस म्हणून. पण मजा अशी की हे चित्र वाईट असलं तरी लगेच येतं, वीस-तीस मिलिसेकंदात. ताशी १०० किलोमीटरनं जाणारा ड्रोन सेकंदाला जवळपास २८ मीटर कापतो म्हणजे तीस मिलिसेकंदात एक मीटरसुद्धा नाही, आणि तेच वायफायवरून मोबाईलवर येणारं स्वच्छ चित्र २०० मिलिसेकंद उशिरा आलं तर तोवर ड्रोन साडेपाच मीटर पुढं गेलेला असतो, म्हणजे तुम्हाला बाभळ दिसेपर्यंत तो बाभळीत असतो. हल्ली डिजिटल सिस्टिम चांगल्या आल्यात, डीजेआयच्या आहेत, वॉकस्नेल आहे, एचडीझीरो आहे, उशीर बराच कमी केलाय त्यांनी आणि चित्र तर विचारूच नका. तरी मी अजून ॲनालॉगवरच आहे. ॲनालॉग हळूहळू मरतं, मुंग्या वाढायला लागल्या की कळतं की आता फिरा मागं. डिजिटल बऱ्याचदा शेवटपर्यंत छान दिसतं आणि मग थिजतं.

आणि हा ड्रोन लग्नात फोटोवाला उडवतो तसला नाही हे आधी सांगायला हवं होतं. त्याच्या रिमोटची दांडी सोडली की तो हवेत टांगल्यासारखा उभा राहतो, जीपीएस आहे, खाली बघणारे सेन्सर आहेत. आमचा अक्रो मोडमध्ये, दांडी सोडली की ज्या कोनात होता त्याच कोनात राहतो, तिरका होता तर तिरका आणि उलटा होता तर उलटाच जमिनीकडं. आत फक्त जायरो, म्हणजे ड्रोन किती वळतोय ते सांगणारा सेन्सर आहे आणि बीटाफ्लाइट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, जे सेकंदाला हजारो वेळा हिशोब करून चार मोटर कमीजास्त करतं. याचं खानदान शोधत गेलात तर २०१० च्या आसपासच्या मल्टीवी नावाच्या प्रोजेक्टपर्यंत जातं, म्हणजे पोरं खेळायची त्या निन्टेंडो वी गेमच्या रिमोटला जोडायच्या मोशनप्लस नावाच्या तुकड्यातला जायरो उचकटून कुणीतरी तो उडवायला लावला. मला हे फार आवडतं.

रिमोटचा सिग्नल गेला तर परत येईल असंही समजू नका. साध्या सेटिंगला फेलसेफ म्हणजे मोटर बंद आणि दगडासारखा खाली. जीपीएस लावून परत फिरायची सोय करता येते पण ती तपासून घ्यावी लागते, लावली म्हणजे झालं असं नसतं.

आमच्या सांगलीकडच्या वाळवा तालुक्यात खाली म्हणजे ऊस. आता ऊस आणि ५.८ गिगाहर्ट्झ यांचं जन्माचं वैर आहे, ओल्या पाल्यात हा सिग्नल मुरतो. ड्रोन वर आहे तोवर गॉगलमध्ये झकास दिसत असतं आणि उसाच्या शेंड्याखाली गेला की अंधार. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा ड्रोन असाच आडसाली उसात गेला, दोन पुरुष उंचीचा ऊस, आत शिरलं की चार पावलांवरचं दिसत नाही आणि पाल्यानं हात-मान कापून निघतात. तो लगेच आत पळायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी गॉगलमधलं रेकॉर्डिंग मागं घ्यायचं आणि शेवटचे दोन-तीन सेकंद एकेक फ्रेम करून बघायचे. आमच्या सगळ्यांच्या ड्रोनवर बारकं जीपीएस असतं ते याच्यासाठीच, उडवायला नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षांश-रेखांश छापलेले असतात आणि शेवटच्या फ्रेमवरचा आकडा मोबाईलच्या नकाशात टाकला की निदान सरी तरी कळते. मग बीपर. पण आपटल्यावर बॅटरी उडून पडली तर साधा बीपर मुका होतो, म्हणून स्वतःची बॅटरी असलेला बीपर लावतात, त्याचा पीप पीप आवाज शांत शेतात बराच लांब येतो. तेवढ्यात बांधावरून एक आप्पा आले, "काय सांडलं व्हय रं?" म्हणाले, सांगितलं तर ते आम्हाला बाजूला सारून सरळ सरीतनं आत गेले, "आवाज हिकडनं येतुय, पाला मोडू नगासा" आणि ड्रोन शेपटीला धरल्यासारखा अँटेना धरून बाहेर आणला. वर, "ह्यानं औषध फवारता येत न्हाई व्हय? मग काय उपेग" हे ऐकवलं ते वेगळंच.

आता जोडणीकडं. यूट्यूबवर सगळे फ्रेम, मोटर, केव्ही (एका व्होल्टमागं मोटरचे मिनिटाला फेरे) यावरच बोलत बसतात. पाच इंची पात्यांच्या ड्रोनला २२०७ किंवा २३०६ मापाची मोटर, सहा सेलची बॅटरी असेल तर १७५० ते १९५० केव्ही, हे सगळीकडं एकच आहे, त्यात डोकं घालू नका. डोकं घाला ते बॅटरीच्या वायरीच्या डागात, म्हणजे सोल्डरच्या जोडात. चारही मोटर चालवणारा ईएससी बोर्ड एकच असतो आणि त्याच्या निगेटिव्ह पॅडमागं आत तांब्याचा मोठा पत्रा असतो, तो उष्णता पिऊन टाकतो. दुकानात मिळणारा २५ वॅटचा सोल्डरिंग गन तिथं लावला की सोल्डर वितळतं पण पॅडला धरत नाही, वर गोळा होऊन बसतं, दिसायला गोल गुळगुळीत आणि आत कच्चा डाग. ६० वॅटचा, तापमान कमीजास्त करता येणारा, आणि टोक चपटं, पेन्सिलीसारखं टोकदार नाही. फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट, भरपूर. आधी पॅडवर वेगळं सोल्डर चढवायचं, वायरीवर वेगळं, मग दोन्ही एकत्र दाबून धरायचं आणि सोल्डर चकचकीत होऊन बाजूला पसरलं की गन उचलायचा, वायर मात्र हलवायची नाही गार होईपर्यंत. तिथंच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, ३५ व्होल्टचा. हा न लावता पण ड्रोन उडतो आणि म्हणून लोक लावत नाहीत. मोटरनी अचानक ब्रेक मारला की व्होल्टेजचे झटके येतात, ते हा गिळतो, नाहीतर ते गॉगलमध्ये आडव्या रेघा होऊन दिसतात. परत तेच, सगळं शेवटी कॅमेऱ्याशी येतं. पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये स्मोक स्टॉपर घाला, कुठं शॉर्ट असेल तर तो करंट अडवतो. आणि टेबलावर मोटर फिरवून बघताना प्रॉप (पाती) काढलेलेच असावेत, यावर चर्चा नको.

वरच्या कॅमेऱ्याची तऱ्हा वेगळी. उडवून आल्यावर गोप्रोचं फुटेज बघितलं आणि सगळा डोंगर जेलीसारखा थुलथुलतोय असं दिसलं तर कॅमेरा खराब नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळ-ओळ वाचतो, आणि मोटर मिनिटाला २०,००० फेरे मारत असेल तर फ्रेम सेकंदाला तीनशेच्यावर वेळा थरथरत असते, म्हणजे वरची ओळ वाचताना कॅमेरा एकीकडं आणि खालची वाचताना दुसरीकडं. लोक लगेच कॅमेरा बसवायचा महागडा माउंट घेतात. आधी प्रॉप बदला, किंचित वाकलेला प्रॉप डोळ्याला दिसत नाही. मग बॅटरी काढून एकेक मोटर बोटानं हळूच फिरवा, बेअरिंगमध्ये माती गेली असेल तर बोटाला खरखर लागते. मग स्क्रू. माउंट सगळ्यात शेवटी.

उन्हात एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच, लावून शटर हळू केलं की जेली थोडी पुसट होते आणि वेगही छान दिसतो. पण तुम्ही नंतर जायरोफ्लो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज स्थिर करणार असाल, तेही फुकटच आहे, तर शटर वेगवान हवं, कारण सॉफ्टवेअर हलणं काढतं, चित्रात आधीच मुरलेला धूसरपणा त्याला काढता येत नाही. त्यामुळं कडक फिल्टर मी लावत नाही. आणि हो, गोप्रोचं स्वतःचं स्टॅबिलायझेशन बंद, नाहीतर दोघं भांडतात.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणं २५० ग्रॅमपर्यंत नॅनो आणि त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. बॅटरी आणि गोप्रोसकट पाच इंची ड्रोन ६००-७०० ग्रॅमच्या घरात जातो म्हणजे मायक्रो, नोंदणी करून नंबर घ्यावा लागतो. हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही, धंद्यासाठी मायक्रोला लागतं. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत, आणि झोन नकाशावर बघूनच निघायचं, पुण्यातल्यांचं तर अवघडच आहे, लोहगावचा विमानतळ, लष्कराची एनडीए सगळं आजूबाजूला. ड्रोन नजरेच्या टप्प्यात हवा आणि गॉगल लावलेल्याला तर शेजारचा माणूसपण दिसत नाही, म्हणून जोडीला एकजण नुसता आकाशाकडं बघणारा पाहिजेच, घारी मागं लागतात ते पण तोच सांगतो. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून आणायला बंदी आहे, सुटे पार्ट चालतात, त्यामुळं आपल्याकडं जोडणारे वाढले असं मला वाटतं. रात्री मात्र अजिबात नाही. मध्यंतरी मराठवाड्यात, नगर-नाशिककडं चोर ड्रोननं टेहळणी करतात अशी हूल उठली होती, लोक काठ्या घेऊन जागत होते, तशात लाल दिवा लुकलुकणारं यंत्र घेऊन कोण जाणार.

सध्या घरात वेगळाच विषय चालू आहे. मामाच्या पोरीचं लग्न ठरलंय आणि मामाचा हट्ट की वरात भाच्यानंच ड्रोननं शूट करायची, घरचाच ड्रोन असताना बाहेर पैसे कशाला. माणसांच्या डोक्यावर सहा सेलची बॅटरी आणि चार पाती फिरवायची नसतात, हे सांगून झालं. शेवटी म्हटलं मामा, फोटोवाल्याचाच लावा, तो निदान एका जागी थांबतो तरी.