अंक १२१ आणि चौदाव्या मजल्यावरचा हिसका

मी उंच इमारतींच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर म्हणून काम करतो. सध्याची साइट उलव्यात आहे, खारकोपर स्टेशनच्या बाजूला. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटला की वरच्या मजल्यांवर नुसतं उभं राहतानाही जपावं लागतं. अशाच एका दुपारी चौदाव्या मजल्याच्या बाहेर शटरिंग काढताना एका तरुण सुताराच्या पायाखालची फळी सरकली आणि तो परांचीवरून खाली गेला.

अंगावरच्या सेफ्टी बेल्टनं, म्हणजे हार्नेसनं, त्याला धरलं. हूक त्यानं डोक्यावरच्या लाइफलाइनला, म्हणजे आधाराच्या दोराला, अडकवला होता, म्हणून तो फार खाली गेलाच नाही. आम्ही त्याला तेराव्या मजल्याच्या स्लॅबवर ओढून घेतलं. हे काम झटपट व्हावं लागतं, कारण हार्नेसमध्ये माणूस न हलता लटकत राहिला की पायांत रक्त साचतं आणि मेंदूकडे कमी जातं. दवाखान्यात तपासणी झाली. मांड्यांवर वळ उठले होते, बाकी काही नाही. संध्याकाळी तो लेबर कॅम्पमध्ये चहा पीत होता.

एकदा पडणं झेललेला हार्नेस पुन्हा वापरायचा नसतो. तो बाद करताना मी शॉक ॲब्झॉर्बरची पिशवी उघडून पाहिली. आत घड्या घालून शिवलेली पट्टी असते. हिसका बसला की टाके उसवत जातात आणि पडण्याचा जोर त्या उसवण्यात खर्ची पडतो. इथे थोडेच उसवले होते. ते टाके बोटानं चाचपत असताना मला ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’ कॉमिकचा १२१ वा अंक आठवला. कामोठ्याला घरी पोचल्यावर जेवणाआधी तो काढला.

जून १९७३ चा हा अंक. लेखन गेरी कॉनवेचं, चित्रं गिल केनची. माझ्याकडे नंतर पुन्हा छापलेली प्रत आहे. नॉर्मन ऑसबर्नला आपण ग्रीन गॉब्लिन हा खलनायक असल्याचं पुन्हा आठवतं आणि तो स्पायडर-मॅनच्या, म्हणजे पीटरच्या, प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पळवून पुलाच्या मनोऱ्यावर नेऊन ठेवतो. पीटर आजारी आहे, तरी तिथे पोचतो. झटापटीत गॉब्लिन तिला मनोऱ्यावरून खाली पाडतो. स्पायडर-मॅन धागा सोडतो आणि तो तिच्या पायांना नेमका चिकटतो. वाचवलं म्हणून तो खुशीत बोलत तिला वर ओढतो. ती उत्तर देत नाही. कथेचं नावसुद्धा पहिल्या पानावर छापलेलं नाही, ते थेट शेवटच्या पानावर येतं. वाचणाऱ्याला तिच्या मृत्यूचा आधी सुगावा लागू नये म्हणून.

गॉब्लिन म्हणतो, इतक्या उंचीवरून पडणारा माणूस जमिनीला टेकण्याआधीच मरतो. कॉलेजात असताना मी ते वाक्य खरं मानून पुढे गेलो होतो. आता ते वाचून चीड आली. पॅराशूटवाले हजारो फूट मोकळे पडतात आणि घरी जातात. नुसतं पडणं मारत नाही. मारतं ते थांबणं. आणि चित्रकारांनी ते दाखवलेलं आहे: धागा ताठ झालाय, तिचं डोकं मागे फेकलं गेलंय आणि मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’. पुढे १२५ व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकीय उत्तरही तेच आलं, की धाग्यानं एकदम थांबवल्यामुळे बसलेल्या हिसक्यानं ती गेली. मला या अंकात सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्याचा नेम चुकला नव्हता. त्याला उशीरही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला, तो अंक घेऊन गेलो. आदल्या दिवसाच्या प्रसंगावर चर्चा सुरू झाली तेव्हा परभणीकडचे एक जुने मिस्त्री म्हणाले, “साहेब, पट्टा काय न् दोरी काय, धरलं म्हंजी झालं. आम्ही कमरेला कासरा बांधून हिरीत उतरायचो.” त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून मी वाद घातला नाही. ते पान उघडून त्यांच्या हातात दिलं.

मग फळ्यावर एकच हिशेब मांडला. जितकं पडलो त्याला जितक्या अंतरात थांबलो त्यानं भागायचं. वजनाच्या साधारण तितकी पट ओढ अंगावर येते. ग्वेन नव्वद मीटर पडली असं धरलं तर वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास जातो. धाग्यानं तिला तीन मीटरमध्ये थांबवलं असेल तर वजनाच्या तीसपटीहून जास्त ओढ आली, तीही पायांतून, मानेला कसलाच आधार नसताना. आपला ऐंशी किलोचा माणूस दीड मीटर पडून दहा सेंटिमीटरमध्ये थांबला, तर बाराशे किलोपेक्षा जास्त. कमरेला दोरी असेल तर ते सगळं पोटावर आणि मणक्यावर येतं. ॲब्झॉर्बर हीच ओढ सहाशे किलोच्या आसपास रोखतो, आणि फुल बॉडी हार्नेस ती मांड्या आणि खांद्यांवर वाटून देतो. हूक पायाशी अडकवला तर पडायचं अंतरच वाढतं, म्हणून तो डोक्याच्या वर हवा.

मिस्त्री बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग विचारलं, “मंग त्या पोरानं करायला काय पायजे हुतं?”

मी उत्तर द्यायच्या आत तो कालचा सुतारच बोलला. “मामा, त्यानं बी मागनं उडी टाकायची. तिच्या वेगानं पडत तिला गाठायचं, पोटाशी धरायचं, न् मग दोरी सोडत सोडत थांबायचं.” कुणीतरी म्हणालं, “होइस्टवाला थांबवतो तसं,” आणि त्यावर चर्चा पेटली. धागा ताणला जातो का, एकाऐवजी चार धागे सोडले तर, मधेच जाळं विणलं तर. इतका जिवंत टूलबॉक्स टॉक मी यापूर्वी घेतलेला नाही. सुपरवायझर घड्याळ दाखवत होते, तरी मी तो थांबवला नाही.

काम सुरू व्हायच्या आधी मिस्त्री स्टोअरला आले. आपल्या गँगचे सगळे बेल्ट त्यांनी स्वतः टेबलावर ओतले आणि एकेक पिशवी दाबून बघायला लागले. ज्यांना ॲब्झॉर्बर नव्हता ते वेगळे काढले. त्यांच्या दोऱ्या आम्ही दोघांनी तिथेच कापल्या, म्हणजे त्या पुन्हा कुणाच्या कमरेला जाणार नाहीत. बदली हार्नेस येईपर्यंत त्या गँगला बाहेरच्या परांचीवर चढवायचं नाही, असं मी कॉन्ट्रॅक्टरला लेखी दिलं.